अनुदानाकडून कर्जाकडे

थेरगाव हे पवनेच्या काठचे गाव. पलीकडच्या तीरावर चिंचवड आणि भोवताली कारखाने. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, मागोमाग बजाज व टेल्को आल्या आणि या पट्ट्याचे रूप पालटले. त्या ओढीने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे इकडे आली. मॅट्रिक झालेला मुलगा आय.टी.आय.त जाई, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात लागे आणि शिकता शिकता त्याला विद्यावेतन मिळे. आज त्याचा नातू अभियांत्रिकीला जातो, तेव्हा वडिलांना बँकेत सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. एका पिढीला शिकताना पैसे मिळाले; दुसरीला शिकण्यासाठी ते उसने घ्यावे लागत आहेत. हा पालट कसा घडला, हे समजून घेणे आपणां सर्वांच्या हिताचे आहे.

सरकारने शिक्षणाचा किती भार उचलावा, हा प्रश्न जुना आहे. १८५४ च्या वूडच्या खलित्याने खाजगी शाळा-महाविद्यालयांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत सुरू केली. त्याच वर्षी पुण्यात अभियांत्रिकीचा पहिला वर्ग उघडला; आजचे सी.ओ.ई.पी. ते हेच. पुढे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आणि १८६९ मध्ये येशूसंघीयांचे सेंट झेविअर्स महाविद्यालय निघाले. मिशनरी संस्थांच्या विस्ताराला देणगीदारांइतकाच सरकारी तिजोरीचाही हातभार लागला, हे आपण विसरता कामा नये.

परंतु ती तिजोरी भरत कोण होते? १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके यावरच बोट ठेवले. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, अशी त्यांची तक्रार होती.

स्वातंत्र्यानंतर दार थोडे रुंदावले. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत, १९५९ मध्ये, आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फीमाफी मिळू लागली. जुन्या माणसांना ‘ई.बी.सी.’ हा शब्द आजही आठवत असेल. केंद्राने १९६३ पासून बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती दिली. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. ते उद्दिष्ट मात्र कधीच गाठले गेले नाही.

खरे वळण आले ते १९८३ मध्ये. आपली मुले देणग्या मोजून कर्नाटकात शिकायला जात होती. तेव्हा मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, खेड्यापाड्यांतील मुले इंजिनिअर झाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण सरकारने बाजूला ठेवलेला भार पालकांच्या खांद्यावर आला. देणग्यांना आळा घालण्यासाठी १९८७ चा कायदा झाला. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘फ्री’ व ‘पेमेंट’ अशा जागा ठरवून दिल्या, त्याही २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने मोडीत निघाल्या. दरम्यान, विद्यापीठांनी आवर्ती खर्चाचा वाढता वाटा फीमधून वसूल करावा, असे पुन्नय्या समितीने १९९३ मध्ये सुचविले होते. शेवटी २००१ मध्ये बँकांची शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली आणि वर्तुळ पुरे झाले.

या कर्जाचा हिशेब एकदा मांडून पाहू. चार वर्षे दरसाल एक लाख रुपये दहा टक्के सरळव्याजाने घेतले आणि शिक्षणानंतर एक वर्षाची सवलत धरली, तर परतफेड सुरू होण्याआधीच व्याजाचे १ लाख ४० हजार साठतात. पुढे सात वर्षे दरमहा सुमारे नऊ हजारांचा हप्ता भरावा लागतो. नव्याने नोकरीला लागलेल्या तरुणाच्या पगाराचा केवढा हिस्सा त्यात जातो, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या समाजाच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे हक्क धर्माशी बांधले. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात स्थान मिळाले; दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली, ती कागदावरच आहे. म्हणून एकाच गावच्या, एकाच गरिबीतून आलेल्या दोन मुलांपैकी एकाची फी भारत सरकारच्या शिष्यवृत्तीतून भरली जाते; दुसरा इतर मागासवर्गात मोजला जातो आणि व्यावसायिक शिक्षणात त्याला निम्मे शिक्षणशुल्कच परत मिळते. उरलेल्या निम्म्यासाठी बँकेची पायरी चढावी लागते.

तरीही जे हक्काचे आहे, ते अज्ञानापायी गमावू नये. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळाली तरच शुल्काची प्रतिपूर्ती होते. व्यवस्थापन कोट्यातून घेतल्यास नाही. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय व आर्थिक दुर्बल घरांतील मुलींना २०२४ पासून व्यावसायिक शिक्षणाचे संपूर्ण शिक्षणशुल्क माफ आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी शिक्षणकाळातील व्याज केंद्र सरकारने भरण्याची योजनाही २००९ पासून आहे. जातीचा दाखला व नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र यांची तयारी बारावीच्या निकालानंतर नव्हे, आदल्या वर्षी करावी लागते. प्रत्येक धर्मग्रामात यासाठी वर्षातून एक सभा भरली, तरी कितीतरी घरांचे कर्ज हलके होईल.

जुन्या करारात दर सातव्या वर्षी ऋणमाफीची आज्ञा आहे. २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी पोप फ्रान्सिस यांनी गरीब राष्ट्रांची कर्जे माफ करण्याचे आवाहन श्रीमंत राष्ट्रांना केले होते. राष्ट्रांना जो न्याय, तोच विद्यार्थ्यांनाही लागू व्हावा, असे आम्हांला वाटते. शिकलेल्या तरुणाचा लाभ साऱ्या समाजाला होतो. मग त्या शिक्षणाचे ओझे एकट्या त्याच्या घराने का वाहावे? १८८२ साली विचारला गेलेला प्रश्न आज आपल्या दारात उभा आहे. सरकारकडे त्याचे उत्तर मागत राहणे आणि तोवर एकमेकांच्या मुलांना हात देणे, ही दोन्ही कामे आपलीच आहेत.