उडी, ताक आणि ठेच

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन हमरस्ते जिथं एकमेकांना छेदतात, त्या आळेफाट्यावर आपण रस्ता ओलांडताना पोराचा हात धरतो आणि म्हणतो, "अरे, आधी बघ, मग पाऊल टाक." इंग्रज माणूस हेच 'लुक बिफोर यू लीप' असं सांगतो. उडी मारण्याआधी पाहा. शब्द चारच. पण वर्गात अर्थ विचारला, की एखादा मुलगा चटकन म्हणतो, "दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात." सावधपणाची म्हण ना, मग झालं!

पण तसं नाही. ताक फुंकतो तो आधी पोळलेला असतो. उडीचा सावधपणा पोळण्याच्या आधीचा. शिवाय ताक थंडच असतं, ते फुंकणाऱ्याला आपली म्हण जराशी हसते. इंग्रजी वाक्यात हसू नाही, ताकीद आहे.

ही ताकीद जुनी आहे. जॉन हेवूड नावाच्या लेखकानं १५४६ साली इंग्रजी म्हणी गुंफून एक पुस्तक छापलं, त्यात ती सापडते, आणि तीही लग्नाच्या बोलण्यात! बायको कितीही पसंत पडली तरी घाई करू नकोस, सगळं ऐकून घे, मग उडी घे, असा तिथला रोख. सोयरीक जमवताना चार गावी चौकशी करणाऱ्या आपल्या आजोबांना हे कुणी शिकवावं लागलं नसतं. आपल्या ताकाची खरी बहीण इंग्रजीत वेगळी आहे. भाजलेलं पोर विस्तवाला भितं, अशी ती म्हण. तेराव्या शतकापासून इंग्रजीत आहे. तिचीच धाकटी 'वन्स बिटन, ट्वाइस शाय', म्हणजे एकदा चावा बसला की माणूस पुढं बुजतो.

म्हणींची ही अदलाबदल आपल्याकडे नवी नाही. मोल्सवर्थ साहेबानं शास्त्रीमंडळींना हाताशी धरून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, त्यात शब्दांबरोबर म्हणीही घेतल्या. पुढं १८९९ साली मॅनवेरिंग नावाच्या पाद्र्यानं मराठी म्हणींचं पुस्तकच ऑक्सफर्डला छापलं. शेती, जनावरं, अन्न, नातीगोती अशी त्याची प्रकरणं. नुसतं भाषांतर करून तो थांबला नाही, म्हणीमागचा अर्थही सांगत गेला. परक्या माणसाला आपली भाषा शिकताना जे करावं लागलं, तेच आपल्याला त्याची शिकताना करावं लागतं. कोरियातली माणसं तर म्हणतात, दगडी पूलसुद्धा ठोकून बघून ओलांडावा. कोरियन मुलाला उडीचं वाक्य शिकवायचं, तर त्याला आधी हा पूल आठवून द्यावा; उडी आपोआप कळेल.

२००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. इथून जवळच आळे गावात ज्ञानोबांनी ज्याच्या मुखी वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे. त्या रेड्याला कुणी अर्थ विचारला नव्हता. आपल्या पोरांना परीक्षेत विचारतात! आणि अर्थ अर्धवट कळला तर नुकसान परीक्षेपुरतं राहत नाही. पाहा म्हणजे उडीच मारू नको, असं पोराच्या मनात बसतं. त्या वाक्यात तर उडी गृहीतच धरलेली आहे.

तेव्हा गुरुजी, फळ्यावर तीन माणसं लिहा. एक, बाजाराचा अंदाज न घेता सगळ्या रानात टोमॅटो लावायला निघालेला. दुसरा, एकदा उधारी बुडाली म्हणून रोखीनं घेणाऱ्याकडेही संशयानं बघणारा. तिसरा, शेजाऱ्याचं बियाणं उगवलं नाही हे पाहून आपलं आधी चार दाणे भिजवून तपासणारा. शेजारी तीन म्हणी लिहा: इंग्रजी उडी, मराठी ताक, आणि 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा'. मग खडू पोरांच्या हाती द्या, आणि कुणाला कोणती लागते ते त्यांनाच जोडू द्या.