पर्सीचे मास्तर आणि आपल्या उर्दू शाळा

७ नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांचा एक लहानसा लेख छापून आला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड गावी ते डॉक्टर होते. लेखात पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत होती. मुलगा चलाख, खेळात बरोबरीच्यांच्या मागे नाही, नजर ठीक. सातव्या वर्षापासून त्याला वाचायला शिकवण्याची खटपट चालली होती, तरी साधे साधे शब्दही त्याला वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव लिहितानाही त्याच्याकडून अक्षरांची अदलाबदल होई. पण ७८५८५२०१७ हा आकडा समोर ठेवताच त्याने तो झटक्यात वाचला. बीजगणिताची उदाहरणेही त्याला जमत.

याच लेखात पर्सीच्या मास्तरांचे मत नोंदवले आहे. सगळे शिक्षण तोंडी झाले असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्यांचे म्हणणे होते. आज आपण ज्याला डिस्लेक्सिया किंवा वाचन-अक्षमता म्हणतो, तिच्या इतिहासातली ही फार मोलाची साक्ष आहे, आणि ती एका शिक्षकाची आहे.

त्याआधी या विषयाची चर्चा मोठ्या माणसांपुरती होती. १८७७ मध्ये जर्मन वैद्य कुसमाउल यांनी 'शब्दांधत्व' हा शब्द वापरला. १८८७ मध्ये श्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी 'डिस्लेक्सिया' हे नाव दिले. हे रुग्ण आधी वाचू शकत होते, मेंदूच्या आजाराने वाचन गेले होते. पर्सीच्या बाबतीत असे काही घडलेच नव्हते. ही अडचण जन्मजात असू शकते, आणि तिचा अकलेशी संबंध नाही, हे मॉर्गन यांचे नवे म्हणणे होते.

मात्र इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पर्सी अशा घरातला होता, जिथे वर्षानुवर्षे शिकवणी परवडत होती. म्हणूनच 'एवढे शिकवूनही का येत नाही' हा प्रश्न त्याच्याविषयी विचारला गेला. गरिबाच्या मुलाला वाचता आले नाही तर कुणी डॉक्टरकडे जात नसे. उत्तर आधीच तयार असे.

हेच तयार उत्तर पुढे कायद्यात शिरले. १९६३ मध्ये शिकागोच्या पालक परिषदेत सॅम्युअल कर्क यांनी 'लर्निंग डिसॅबिलिटी' ही संज्ञा रूढ केली. १९७५ मध्ये अमेरिकेने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला आणि अशा मुलांना हक्क मिळाला. पण व्याख्येत एक वगळणूकही होती: ज्या मुलाची अडचण मुख्यतः परिस्थिती, संस्कृती किंवा आर्थिक मागासलेपणातून आलेली आहे, ते मूल यात बसणार नाही. हेतू बहुधा वाईट नसावा. गरिबी हे काही अपंगत्व नव्हे. पण गरीब मुलालाही डिस्लेक्सिया असू शकतो, आणि त्याच्या बाबतीत 'मुख्य कारण' कोणते हे ठरवायचे कुणी? शिवाय १९७७ च्या नियमांनुसार बुद्ध्यंक आणि प्रत्यक्ष प्रगती यांत मोठी तफावत दिसावी लागे. म्हणजे मूल पुरेसे मागे पडेपर्यंत वाट पाहायची! ही तफावतीची सक्ती स्थानिक शिक्षण यंत्रणांवर करता येणार नाही, असे अमेरिकेच्या कायद्याने २००४ मध्ये म्हटले.

आता आपल्याकडे येऊ. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यांत अध्ययन-अक्षमता नव्हती. तरी १९९६ मध्ये महाराष्ट्र सरकारने अशा विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभवासारखा विषय, अशा त्या सवलती होत्या. २००७ मध्ये 'तारे जमीन पर' आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकारांची संख्या २१ केली आणि त्यांत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश केला. त्याचे कलम १६ सांगते की सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या शाळांनी अशी मुले शक्य तितक्या लवकर ओळखावीत आणि योग्य अध्यापनाचे उपाय करावेत. आणि या कायद्याच्या व्याख्येत गरिबीची ती जुनी वगळणूक नाही. आपल्या अनुदानित उर्दू शाळांच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य मोठ्या अक्षरात लावायला हवे.

मग अडते कुठे? चाचणीच्या भाषेत. सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी चाचणी, आणि मुंबईत बराच काळ या चाचण्या इंग्रजीत होत. इंग्रजी माध्यमाचे मूल तपासले जाई, मराठी-उर्दू माध्यमाचे राहून जाई. २०१५ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा चाचणीसंच आणला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत होता. मोठे काम झाले. पण त्या पहिल्या चार भाषांत उर्दू नव्हती.

हिंदी चाचणी उर्दू लिपीत उतरवून काम भागणार नाही. दोन्ही भाषा कानाला सारख्या असल्या तरी डोळ्याला त्या वेगळ्या आहेत. देवनागरीत स्वर बहुधा लिहिलेला असतो. उर्दूत ज़ेर, ज़बर, पेश सहसा लिहीत नाहीत. अलिफ-सीन हे 'इस' वाचायचे की 'उस', हे वाक्यावरून ठरते. मीम-लाम-काफ म्हणजे 'मुल्क', 'मलिक' किंवा 'मलक'. बे, पे, ते, से यांचे अंग एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. 'ज़' हा एक उच्चार ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय अशा चार अक्षरांनी लिहिला जातो. दोन्ही लिप्या जाणणाऱ्यांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेच शब्द देवनागरीपेक्षा उर्दूत सावकाश वाचले गेल्याचे दिसले. तेव्हा उर्दू वाचणाऱ्या मुलाचा 'मंद वेग' मोजायचा तर तो उर्दूच्याच मापाने मोजायला हवा.

आपले मूल तर एकाच वेळी उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे वाचायला शिकते. मकतबमध्ये एराब लावलेली अरबी, शाळेत एराब नसलेली उर्दू, मराठीत अक्षराच्या आधी लिहायची पण नंतर उच्चारायची पहिली वेलांटी, आणि वर इंग्रजी स्पेलिंग. इथे काही काळ गोंधळ होणे स्वाभाविक आहे. प्रत्येक गोंधळ म्हणजे अक्षमता नव्हे. म्हणून निदान तज्ज्ञांनीच करावे. पण संशय यायला हवा तो आपल्याला, पर्सीच्या मास्तरांना आला तसा.

त्यासाठी काही साध्या गोष्टी पाहता येतात. धडा वाचून दाखवला तर मूल उत्तरे नीट देते, पण स्वतः वाचताना अडते का? सूरा ऐकून भराभर पाठ होतात, पण मुसहफचे अनोळखी पान उघडले की बोट थांबते का? (पाठांतर चांगले असलेल्या मुलाची अडचण वर्षानुवर्षे झाकून राहते ती इथेच.) अडचण एकाच लिपीत आहे की सगळ्या? डोळे आणि कान तपासले आहेत का? दोन-तीन महिने रोज थोडे वेगळे शिकवल्यावर काय फरक पडला? तारीख घालून वहीची पाने जपून ठेवावीत. पुढे तज्ज्ञांकडे जाताना हाच खरा पुरावा असतो.

आणि वेगळे शिकवायचे म्हणजे काय? १९२५ पासून अमेरिकेत डॉ. सॅम्युअल ऑर्टन यांनी या मुलांचा अभ्यास केला आणि ॲना गिलिंगहॅम यांनी त्यावरून अध्यापनाची पद्धत बांधली: एका वेळी एक ध्वनी, पक्का झाल्यावर पुढचा, पाहणे, ऐकणे, बोलणे आणि हाताने गिरवणे एकत्र. हे वाचताना मला आपला नूरानी कायदा आठवतो. आधी सुटे हर्फ, मग जोड, मग हरकत, मोठ्याने हिज्जे करत. आपली तख्तीही आठवते, जिच्यावर हर्फ हाताला कळत असे. सामग्री आपल्याकडे होतीच. घाई आणि छडी मात्र वजा करायला हवी. अशा मुलाला उर्दूचा मजकूर एराब लावून द्यावा, इतरांपेक्षा वर्ष-दोन वर्षे जास्त. वर्गात उभे करून मोठ्याने वाचायला लावू नये. तोंडी उत्तराला गुण द्यावेत.

'ज़ेहन कमज़ोर है' असे सांगून शाळेतून काढलेली मुले गॅरेजमध्ये, कारखान्यात, पॉवरलूमवर लागतात. त्यांच्यात पर्सी किती होते, याची मोजदाद कुणीच केलेली नाही. उर्दूची प्रमाणित चाचणी विद्यापीठे आणि संशोधन संस्थांकडून मागून घ्यायला हवी, आणि ही मागणी आपल्या शिक्षक संघटनांनी लेखी करायला हवी. तोवर कलम १६ लागू आहेच. ते शाळेला उद्देशून लिहिले आहे, आणि शाळेत मुलाला रोज पाहणारे आपणच आहोत.