वाघूरपल्याडचा धूर

वाघूर नदीकडून वर येणाऱ्या पायऱ्यांशी दोन दगडी हत्ती आहेत. त्यांच्यामधून तुम्ही चढता आणि पंधराशे वर्षं मागे जाता. वाकाटकांचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलेलं हे लेणं, आजचं अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं. महाराष्ट्रात दाराशी दगडी हत्ती असलेल्या एका डोंगरातल्या विहारात बौद्ध तर्काचार्य दिङ्नाग वरचेवर मुक्कामाला असत, असं चिनी प्रवासी ह्युएन त्संगने नोंदवलंय. तो विहार म्हणजे अजिंठाच, असं अभ्यासक मानतात.

भिक्षूंचा पावसाळी मुक्काम, वर्षावास, चालू आहे. पणतीच्या उजेडात आचार्य दिङ्नाग भिंतीवरच्या रंगाकडे बोट दाखवतात. काय दिसलं?

"निळं," तुम्ही म्हणता.

ते मान हलवतात. दिसलं ते आधीच. "निळं" तुम्ही मागाहून चिकटवलंत. नाव, जात, गुण जोडण्याआधीचं कोरं दिसणं, तेवढंच प्रत्यक्ष. तुम्ही पुन्हा भिंतीकडे पाहता. नाव आधीच ओठांवर येऊन बसलेलं असतं. या साऱ्या प्रमाणशास्त्रातली मला सर्वांत प्रिय जागा हीच.

तुम्ही ओसरीत येता. पाऊस नुकताच थांबलाय. नदीपल्याडच्या कड्यावरून काहीतरी पांढरं वर चढतंय.

"तिकडे आग आहे," एक तरुण भिक्षू म्हणतो.

"कशावरून?"

"धूर आहे म्हणून."

आता हेतूची, म्हणजे अनुमानाला दिलेल्या कारणाची, इथे धुराची, परीक्षा. तो त्या डोंगरावर खरंच आहे ना? आग असते त्या चुलीपाशी तो सापडतो ना? आणि आग नसते त्या डोहावर तो कधीच नसतो ना? पहिल्याच कसोटीवर सगळे अडतात. धूर की धुकं? डोळे ताणून पाहत राहतात. पांढरं पातळ होतं, विरतं. खाली नुसतं ओलं रान. अनुमान पडतं. "आग असल्याशिवाय धूर निघत नाही" म्हणत आपण अफवा पुढे ढकलतो. इथे आधी धूर तपासतात.

"पण बुद्धवचन?" तुम्ही विचारता.

न्यायदर्शनाचे नैयायिक खऱ्या ज्ञानाची चार साधनं, चार प्रमाणं, मानतात. इथे दोनच, प्रत्यक्ष आणि अनुमान. कारण जाणण्याजोग्या गोष्टीही दोनच: समोरची एकमेव वस्तू, आणि अनेकांत समान असं आपण जे मानतो ते. शब्द, म्हणजे कुणाच्या सांगण्यावरून झालेलं ज्ञान, अनुमानातच मोडतो, मग तो कुणाचाही असो. बौद्ध आचार्याने हे विहारात बसून म्हणायला मोठं धैर्य लागतं.

दिङ्नागांनी हे सारं ज्यात मांडलं त्या 'प्रमाणसमुच्चया'ची मूळ संस्कृत पोथी आज आपल्या हाती नाही. तो ग्रंथ टिकला तिबेटी भाषांतरांत.