चुकांची वंशावळ

जुन्या पोथ्यांशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला चुकीचे मोल ठाऊक असते. नक्कल करताना लेखनिकाच्या हातून एक अक्षर बदलले, की त्या पोथीवरून उतरवलेल्या पुढच्या पोथ्यांतही ती चूक जाते. ज्या पोथ्यांत सारख्या चुका, त्या बहुधा एका घराण्यातल्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, ती बाराशेहून अधिक हस्तलिखितांतले पाठभेद ताडून. उमेदवारीच्या काळात मीही काही पोथ्यांचे पाठभेद टिपत बसलो होतो. त्यामुळे एचआयव्हीच्या प्रवासाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा विषय नवा असूनही पद्धत ओळखीची वाटली.

या विषाणूचा मजकूर जेमतेम दहा हजार अक्षरांचा. त्याची नक्कल होते, तेव्हा ती तपासणारे कोणी नसते. चुका राहतात आणि साधारण ठरावीक गतीने साचत जातात. म्हणून दोन नमुन्यांत किती फरक आहे, यावरून त्यांचा समाईक पूर्वज कोणत्या काळातला, याचा अंदाज बांधता येतो. आफ्रिकेतील किन्शासा शहरातून 1959 सालचे रक्त आणि 1960 सालचा लसिकाग्रंथीचा तुकडा असे दोन नमुने जपले गेले होते. त्या दोन्हींतील विषाणूंत इतका फरक निघाला, की मूळ पूर्वज कित्येक दशके आधीचा असला पाहिजे, हे स्पष्ट झाले.

कॅमेरूनच्या आग्नेय भागातील चिंपांझींकडून हा विषाणू माणसात आला. जगभर पसरलेल्या शाखेचा उगम मात्र 1920च्या सुमारास किन्शासात झाला, असे 2014 साली संशोधकांनी दाखवले. शहराचे नाव तेव्हा लिओपोल्डव्हिल होते आणि राज्य बेल्जियमचे. खनिजे वाहून नेण्यासाठी रूळ टाकले गेले, त्यांवरून मजूरही गेले. 1940च्या दशकाअखेर दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे रेल्वेने या शहरातून ये-जा करीत. विषाणू त्यांच्याबरोबर खाणींच्या गावांपर्यंत पोहोचला.

1960 साली काँगो स्वतंत्र झाला. बेल्जियन अधिकारी परतले आणि रिकाम्या जागांवर हैतीहून फ्रेंच जाणणारे शिक्षक, डॉक्टर, तंत्रज्ञ हजारोंच्या संख्येने आले. त्यांच्यापैकी कोणाबरोबर तरी विषाणू 1966च्या आसपास हैतीत पोहोचला असावा. तेथून 1970च्या सुमारास न्यूयॉर्क आणि पुढे काही वर्षांत सॅन फ्रान्सिस्को.

अमेरिकेतल्या लोकांनी मात्र दुसरीच हकीकत ऐकली होती. एड्सच्या सुरुवातीच्या रुग्णांचे परस्परसंबंध शोधताना तपासनिसांनी गाएतान द्युगा या कॅनडाच्या विमान कर्मचाऱ्याची नोंद ‘कॅलिफोर्नियाबाहेरचा’ या अर्थाने इंग्रजी ‘ओ’ अक्षराने केली. नकलेत त्या ‘ओ’चे शून्य झाले आणि ‘पेशंट झीरो’ जन्माला आला. ज्याने आपल्या संबंधांतील अनेकांची नावे सांगून तपासाला मदत केली, तो 1984 साली वारला. 1987 साली रँडी शिल्ट्स यांच्या पुस्तकातून त्याचे नाव जगापुढे आले आणि अमेरिकेत एड्स आणणारा माणूस म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला रंगवले.

2016 साली मायकेल वोरोबी आणि सहकाऱ्यांनी 1978-79 सालच्या साठवलेल्या रक्तद्रवांतून आठ विषाणूंचा पूर्ण मजकूर वाचला. त्याच्याशी द्युगाचा विषाणू ताडला, तेव्हा तो वंशवृक्षाच्या मुळाशी नव्हता, मधल्या एका फांदीवर होता. एका अक्षराच्या चुकीने त्याच्यावर आलेला आळ विषाणूच्या हजारो अक्षरांतल्या चुकांनी दूर केला, त्याच्या मृत्यूनंतर 32 वर्षांनी.

एवढ्यावर हा लेख संपवणे सोपे होते. पण तोच वंशवृक्ष हैतीचे नाव पुढे करतो. 1983 साली अमेरिकी आरोग्यखात्याने हैतीच्या नागरिकांना धोक्याच्या गटांत टाकले होते. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, शेजारी दुरावले. 1985 साली ते नाव यादीतून काढले गेले, तरी 1990 साली त्यांना रक्तदानाला बंदी झाली. त्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरून हजारो हैतीवासी निषेध करीत चालत गेले आणि वर्षअखेर बंदी उठली.

आपल्याकडे 1986 साली चेन्नईत पहिल्या लागणी उघड झाल्या. हा अमेरिकेचा रोग, असे कित्येकांना तेव्हा वाटे. विषाणूचे म्हणणे वेगळे आहे. अमेरिकेत पसरला तो ‘बी’ उपप्रकार. भारतातला बहुतांश ‘सी’, त्याचे जवळचे नातलग आफ्रिकेच्या दक्षिण भागातले.

पोथ्यांची घराणी लावताना ती कोणत्या गावाहून कोणत्या मठात गेली, हे आम्ही पाहत असू. ज्या गावात तिची नक्कल झाली, त्या गावाला कोणी त्यासाठी दूषण दिल्याचे मला आठवत नाही. विषाणूची वाट वाचतानाही एवढेच ध्यानात ठेवायचे. काँगोत शाळा चालवायला गेलेला हैतीचा मास्तर, खाणीकडे निघालेला मजूर, हे सारे पोटापाण्यासाठी प्रवासाला निघाले होते. त्यांच्या वाटा आता आपल्याला कळल्या आहेत. त्या वाटांवरून त्यांचा गुन्हा मात्र काढता येत नाही.