‘अपायकारक’ कशाला म्हणावे? एका इंग्रजी विशेषणाची कायद्यातील कहाणी

कोडोली हे पन्हाळा तालुक्यातील, वारणेच्या खोऱ्यातले गाव. भोवती उसाचे शिवार, शेजारी वारणानगरचा साखर कारखाना. कोल्हापूरच्या गुऱ्हाळांवर काहिलीतल्या रसाची मळी काढण्यासाठी रानभेंडीचे पाणी घालण्याची रीत जुनी आहे. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून ‘हायड्रॉस’ पावडर टाकण्याची रीत मागाहून आली. असा गूळ विकणे गुन्हा आहे काय?

इंग्रजी अमदानीत हा प्रश्न एका विशेषणापाशी येऊन थांबला असता : ‘नॉक्शस’.

लॅटिन ‘नोक्सा’ म्हणजे इजा. ‘इनोसंट’ हा त्याच कुळातला. मूळ अर्थ ‘इजा न करणारा’. ‘ऑब्नॉक्शस’ची गंमत निराळी. तो शब्द आधी इजेच्या तावडीत सापडू शकणाऱ्यासाठी होता, पुढे किळस आणणाऱ्यासाठी रूढ झाला. मराठीत ‘नॉक्शस’साठी ‘अपायकारक’ स्थिरावला. ‘अपाय’ आणि ‘उपाय’ हे सख्खे भाऊ. दोघांचा धातू ‘इ’, म्हणजे जाणे. एक दूर नेतो, दुसरा जवळ.

१८६० चा भारतीय दंड संहितेचा कायदा १ जानेवारी १८६२ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात अमलात आला. कलम २७२ भेसळीचे होते. मात्र नुसती भेसळ तेथे पुरत नव्हती. तिच्यामुळे पदार्थ खाण्यापिण्यास ‘नॉक्शस’ व्हावा लागे. कलम २७३ विक्रीचे. त्यात विक्रेत्याला ते ठाऊक असणे, किंवा ठाऊक असण्यास कारण असणे आवश्यक. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

याचा परिणाम विलक्षण झाला. दुधात स्वच्छ पाणी घातले तर गिऱ्हाईक नागवले जाते, पण दूध ‘नॉक्शस’ होत नाही. १९२० च्या दशकात अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर तुपात डुकराची चरबी मिसळणेही या कलमात बसत नाही असे ठरवले. ज्याच्या ताटात ते तूप पडले, त्याच्या श्रद्धेला झालेली इजा या विशेषणात मावत नव्हती. माझ्या मते न्यायालयापेक्षा शब्दाचाच दोष अधिक.

स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने ही अट मागे टाकली. पदार्थ ठरलेल्या मानकात बसतो की नाही, एवढेच पाहायचे. गुळातील सल्फर डायऑक्साइडला दशलक्ष भागांत ७० अशी मर्यादा आली, आणि हायड्रॉसचा प्रश्न शब्दकोशातून प्रयोगशाळेत गेला. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ‘असुरक्षित’ हे नवे विशेषण आणले.

जुने मात्र गेलेले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २७५ मध्ये ‘नॉक्शस’ तसाच आहे. दंडाची मर्यादा तेवढी पाच हजारांवर गेली.