दोन गुणांचा फरक : मॉन्ट्रियलचा १९५४-५५चा हंगाम आणि त्याचा प्रेक्षक

नॅशनल हॉकी लीगच्या १९५४-५५च्या हंगामाचा गुणतक्ता आज पाहिला तर त्यात विशेष असे काही जाणवत नाही. सहा संघ, प्रत्येकाचे सत्तर सामने. डेट्रॉइट रेड विंग्ज ९५ गुणांसह पहिले, मॉन्ट्रियल कॅनेडियन्स ९३ गुणांसह दुसरे. वैयक्तिक गुणांच्या यादीत पहिले तिन्ही खेळाडू मॉन्ट्रियलचेच : बर्नार जॉफ्रियों ७५, मोरिस रिशार ७४, जाँ बेलिव्हो ७३. एखाद्या संघाच्या चाहत्याने अभिमानाने मिरवावी अशी ही यादी आहे. प्रत्यक्षात मॉन्ट्रियलच्या चाहत्याला ती अनेक वर्षे सलत राहिली. तिच्यातला एका गुणाचा फरक आणि संघांच्या तक्त्यातला दोन गुणांचा फरक, हे दोन्ही खेळाडूंइतकेच प्रेक्षकांच्या वर्तनाशी निगडित आहेत. प्रस्तुत लेखात आम्ही हा हंगाम त्या प्रेक्षकाच्या बाजूने वाचण्याचा प्रयत्न करीत आहोत.

आइस हॉकी हा आपल्या परिचयाचा खेळ नाही, म्हणून थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. बर्फाच्या बंदिस्त मैदानावर स्केट्स घातलेले प्रत्येकी सहा खेळाडू एका रबरी चकतीसाठी झुंजतात. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो. त्या काळी सामना जिंकल्यास संघाला दोन गुण, बरोबरी झाल्यास एक. खेळाडूच्या खात्यावर गोलचा एक गुण आणि दुसऱ्याच्या गोलला साहाय्य केल्याचाही एक गुण जमा होई. ऑक्टोबर ते मार्च साखळी सामने आणि त्यानंतर पहिल्या चार संघांत स्टॅन्ली चषकासाठी बाद फेरी, अशी रचना होती. अंगाला अंग भिडणे या खेळात नियमबाह्य नाही. हाणामारीही, दंडास पात्र असली तरी, अनपेक्षित नसते.

मॉन्ट्रियल हे शहर मात्र या खेळाइतके अपरिचित वाटू नये. दोन भाषांत विभागलेली शहरे आपल्याला ठाऊक आहेत. त्या काळातील क्वेबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंचभाषक व कॅथलिक होते, तर बँका, मोठे कारखाने आणि रेल्वे यांची सूत्रे प्रामुख्याने इंग्रजीभाषकांच्या हाती होती. कामगाराची भाषा एक आणि मालकाची दुसरी, ही तिथली रोजची स्थिती होती. प्रांताचे राजकारण मोरिस द्युप्लेसी यांच्या पुराणमतवादी राजवटीत गोठलेले होते. या परिस्थितीत कॅनेडियन्स हा संघ फ्रेंच मॉन्ट्रियलला आपला वाटे. १९५२च्या ऑक्टोबरमध्ये दूरचित्रवाणीवर सामने दिसू लागले, तेव्हा रने लकाव्हालिए या समालोचकाने इंग्रजीतून आलेल्या खेळाला फ्रेंच शब्दकळा मिळवून दिली. बाळ ज. पंडितांचे मराठी क्रिकेट-समालोचन ज्यांनी ऐकले आहे त्यांना या घटनेचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. खेळ स्वभाषेत ऐकू आला की तो पाहुण्याचा राहत नाही.

या संघाचा नायक होता मोरिस रिशार. रेल्वेच्या कारखान्यात काम करणाऱ्या यंत्रकाराचा हा मुलगा स्वतःही तेच काम शिकला होता. संघात आला तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत असे. १९४४-४५च्या हंगामात त्याने पन्नास सामन्यांत पन्नास गोल केले आणि डिसेंबर १९५४मध्ये लीगच्या इतिहासात चारशे गोल करणारा तो पहिला खेळाडू ठरला. त्याला ‘रॉकेट’ म्हणत. एवढी कीर्ती असूनही एका हंगामात सर्वाधिक गुण मिळविण्याचा मान त्याला कधीच लाभला नव्हता. तेहतीस वर्षांच्या रिशारला १९५५च्या मार्चमध्ये तो प्रथमच हाताशी आलेला दिसत होता. हंगामाचे मोजके सामने उरले होते आणि तो आघाडीवर होता.

१३ मार्च १९५५ रोजी बॉस्टनमध्ये हॅल लेको या खेळाडूची काठी रिशारच्या डोक्याला लागली आणि जखमेतून रक्त आले. संतापलेल्या रिशारने लेकोवर काठीने पुन्हा पुन्हा वार केले आणि आपल्याला आवरू पाहणाऱ्या क्लिफ थॉम्पसन या रेषापंचालाही ठोसे लगावले. ही पहिली वेळ नव्हती. याच हंगामात डिसेंबरअखेर टोरोंटोमध्येही एका रेषापंचावर त्याचा हात गेला होता आणि त्याला दंड झाला होता. लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्पबेल हे इंग्रजीभाषक वकील, ऱ्होड्स शिष्यवृत्तीचे मानकरी; युद्धानंतर जर्मन युद्धगुन्हेगारांवरील खटल्यांत काम केलेले. १९५४च्या जानेवारीत रिशारने एका फ्रेंच साप्ताहिकातील आपल्या नावाच्या सदरातून त्यांना हुकूमशहा म्हटले होते. त्याबद्दल त्याला माफी मागावी लागली होती आणि हमी म्हणून एक हजार डॉलर ठेवावे लागले होते. १६ मार्चला मॉन्ट्रियलमध्येच सुनावणी झाली आणि कॅम्पबेल यांनी निर्णय दिला : उरलेले तीन साखळी सामने आणि संपूर्ण बाद फेरी यांतून रिशार निलंबित.

निर्णय न्याय्य होता की नाही, या प्रश्नावर आजही दोन्ही बाजूंनी बोलता येते. पंचावर हात टाकणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी होती, हे मान्य करण्यात आम्हांला अडचण वाटत नाही. परंतु चाहता निर्णयाचा मजकूर वाचत नव्हता; तो निर्णयाची भाषा ऐकत होता. एका फ्रेंच कामगाराच्या मुलाला, त्याच्या आयुष्यातील एकमेव राहिलेला मान हाती येण्याच्या क्षणी, एक इंग्रज साहेब घरी बसवतो आहे, असा तो अर्थ होता. खेळातील शिस्तीचा प्रश्न चोवीस तासांच्या आत समाजाच्या मानापमानाचा प्रश्न झाला.

दुसऱ्या दिवशी, १७ मार्चला, मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये सामना होता तो नेमका डेट्रॉइटशी. धमक्यांचे दूरध्वनी येऊनही कॅम्पबेल सामन्याला आले आणि आपल्या नेहमीच्या जागी बसले. त्यांच्यावर अंडी आणि टोमॅटो यांचा मारा सुरू झाला. एकजण हस्तांदोलनाच्या बहाण्याने जवळ गेला आणि त्याने त्यांना थप्पड मारली. पहिल्या सत्राअखेर डेट्रॉइट ४-१ असे पुढे होते. तेवढ्यात प्रेक्षागृहात अश्रुधुराचा बाँब फुटला. फोरम रिकामे करण्यात आले, सामना डेट्रॉइटला बहाल केला गेला आणि बाहेर सँत-कातरीन रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत काचा फुटत राहिल्या, दुकाने लुटली गेली, अनेकांना अटक झाली. त्या संध्याकाळी स्वतः रिशारही फोरममध्ये होता, खेळाडू म्हणून नव्हे तर प्रेक्षक म्हणून. आपल्या नावाने काय चालले आहे हे तो खुर्चीत बसून पाहत होता. १८ मार्चला त्याने नभोवाणीवरून लोकांना शांततेचे आवाहन केले : शिक्षा आपण स्वीकारत आहोत आणि पुढच्या वर्षी चषक जिंकून देण्यासाठी परत येऊ. शहर शांत झाले.

रूढ आख्यान येथे थांबते आणि थेट १९६०कडे उडी घेते. त्या वर्षी क्वेबेकमध्ये सत्तांतर झाले. शिक्षण, वीज, भाषा या क्षेत्रांत फ्रेंचभाषकांनी आपली सूत्रे आपल्या हाती घेण्याचे पर्व सुरू झाले, ज्याला ‘शांत क्रांती’ म्हणतात. १७ मार्चची रात्र म्हणजे त्या क्रांतीची पहिली ठिणगी, असे पुष्कळदा लिहिले जाते. हे वाचन आम्हांला अगदीच निराधार वाटत नाही, पण त्यासाठी हंगामाची शेवटची पाने गाळावी लागतात. आमच्या मते खरी गुंतागुंत त्याच पानांवर आहे.

रिशार ७४ गुणांवर थांबला होता. त्याच्या मागोमाग असलेला जॉफ्रियों खेळत होता. तोही मॉन्ट्रियलचाच, तोही फ्रेंचभाषक, पूर्वीच्या पिढीचे दैवत असलेल्या हावी मोरेंझचा जावई. संघ पहिल्या स्थानासाठी डेट्रॉइटशी झगडत होता, म्हणजे गोल करणे हे त्याचे कर्तव्यच होते. हंगामाच्या अखेरच्या दिवसांत त्याने रिशारला मागे टाकले. दोघांचेही गोल अडतीसच. फरक पडला तो एका साहाय्याचा. आणि मॉन्ट्रियलच्या प्रेक्षकांनी आपल्याच संघाच्या, आपल्याच भाषेच्या या खेळाडूची हुर्यो उडवली.

या हुर्योचे काय करायचे? फ्रेंच विरुद्ध इंग्रज या द्वंद्वात ती बसत नाही. संघनिष्ठेतही बसत नाही, कारण संघाच्या हिताचे तेच झाले होते. चाहत्याची निष्ठा येथे संघाशी नव्हती आणि समाजाशीही पुरती नव्हती; ती एका कथेशी होती. त्या कथेत शेवट ठरलेला होता : अन्याय झालेल्या नायकाचा मान निदान तक्त्यात तरी शाबूत राहावा. जॉफ्रियोंने तो शेवट बिघडवला. ज्यांच्यावर अन्याय झाला असे समूहाला वाटते, त्यांच्या बाजूने उभा राहणारा समूह आपल्यातल्याच एखाद्यावर किती सहज अन्याय करू शकतो, याचे हे लहानसे, पण स्वच्छ उदाहरण आहे.

दोन गुणांची गोष्टही येथेच सांगायला हवी. १७ मार्चच्या सामन्याचे दोन गुण डेट्रॉइटला मिळाले आणि हंगामाअखेर दोन्ही संघांत अंतर राहिले ते दोनच गुणांचे. पहिल्या स्थानामुळे अंतिम लढतीचा सातवा सामना घरच्या मैदानावर खेळण्याचा हक्क डेट्रॉइटकडे गेला. त्या लढतीत सातही सामने यजमान संघानेच जिंकले. १४ एप्रिलच्या सातव्या सामन्यात डेट्रॉइटने ३-१ अशा विजयाने चषक नेला. दंगल झाली नसती तर मॉन्ट्रियल जिंकले असते, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. डेट्रॉइट त्या रात्री आधीच तीन गोलांनी पुढे होते आणि रिशार तर नव्हताच. तरीही, संघाच्या प्रेमाने पेटलेल्या चाहत्याने त्या सामन्यातून परतण्याची उरलीसुरली संधी संघाच्या हातून काढून घेतली, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

या घटनेचा पहिला समर्थ वाचक आन्द्रे लोरांदो हा पत्रकार. २१ मार्च १९५५च्या ‘ल द्व्हार’ या दैनिकात त्याने लिहिलेल्या लेखाचे शीर्षक ‘माझा भाऊ रिशार याला मारले’ अशा अर्थाचे होते. फ्रेंच कॅनडाच्या वाचकाला त्यात १८८५चा प्रतिध्वनी ऐकू येणारच होता : फाशी गेलेल्या लुई रिएलला ओनोरे मेर्सिए यांनी आपल्या भाषणात भाऊ म्हटले होते. फ्रेंच-कॅनेडियन राष्ट्रवादाने जणू हॉकीत आश्रय घेतला आहे, असे लोरांदोचे निरीक्षण होते. परंतु निलंबित खेळाडू आणि फाशी गेलेला पुढारी यांतील अंतर त्यालाही दिसत होते. ही उसळी अल्पजीवी आहे आणि ती केवळ खाली निजलेल्या कशाची तरी खूण आहे, असा त्याचा सावध सूर होता. नंतरच्या अनेक लेखकांनी शीर्षक उचलले आणि सावधपणा मागे ठेवला.

ललित साहित्याने मात्र वेगळी वाट धरली. रॉक कारिए यांची १९७९ साली प्रसिद्ध झालेली हॉकीच्या स्वेटरची कथा कॅनडात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. रिशारच्या क्रमांकाचा स्वेटर घालणाऱ्या गावातल्या मुलांमध्ये एकाला टपालाने चुकून टोरोंटोच्या संघाचा स्वेटर येतो, एवढीच तिची गोष्ट. विनोदी म्हणून ती सांगितली जाते, पण वेगळा स्वेटर घातलेल्या मुलाला आपलीच माणसे कशी वागवतात, हा तिचा गाभा आहे. जॉफ्रियोंच्या हुर्योशी तिचे नाते आम्हांला दंगलीपेक्षा जवळचे वाटते. इतिहासाने नायकाकडे पाहिले. कथेने घोळक्याकडे पाहिले.

पुढचे सर्वश्रुत आहे. रिशारने शब्द पाळला; १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे चषक मॉन्ट्रियलकडे राहिला. सर्वाधिक गुणांचा मान मात्र त्याला अखेरपर्यंत मिळाला नाही. ११ मार्च १९९६ रोजी फोरममधला शेवटचा सामना झाला, तेव्हा वृद्ध रिशारसाठी टाळ्या थांबता थांबत नव्हत्या. २००० साली तो वारला आणि क्वेबेकने त्याला शासकीय इतमामात निरोप दिला. जॉफ्रियोंला मात्र वाट पाहावी लागली. ११ मार्च २००६ रोजी नव्या सभागृहात त्याचा पाच क्रमांकाचा स्वेटर, सासरे मोरेंझ यांच्या सात क्रमांकाच्या शेजारी, छताला सन्मानाने चढवण्यात आला. सभागृह भरलेले होते, त्याच्या नावाने टाळ्या पडत होत्या. त्या ऐकायला तो नव्हता. त्याच दिवशी सकाळी त्याचे निधन झाले होते.