फोल्डर बदलणारी कमांड बंद पडली तेव्हा



पीएचडीत एक वेळ अशी येतेच की एकच प्रोग्राम बऱ्याच फोल्डरमध्ये चालवायचा असतो. मग आपण स्क्रिप्ट लिहितो: फोल्डरमध्ये जा, प्रोग्राम चालवा, बाहेर या, पुढचा घ्या. ही स्क्रिप्ट कुठे फसते ते कळायला थोडा इतिहास बघूया, कारण असाच घोळ खुद्द युनिक्स बनवणाऱ्यांच्या वाट्याला आला होता.

१९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं युनिक्सवर काम सुरू झालं. मशीन होतं पीडीपी-७. सुरुवातीला एका टर्मिनलला एकच प्रोसेस असायची. कमांड दिली की शेलच्या जागी ती कमांड मेमरीत यायची, ती संपली की शेल परत यायचं. पुढे 'फोर्क' आलं, म्हणजे प्रत्येक कमांडसाठी शेल एक नवी प्रोसेस तयार करू लागलं. त्यासाठी असेम्ब्लीच्या फक्त २७ ओळी लागल्या.

सगळे खुशीत असतानाच लक्षात आलं की फोल्डर बदलायची कमांड चालेनाशी झालीये! रिची यांनी १९७९ च्या लेखात हा किस्सा सांगितलाय. कोड पुन्हा पुन्हा वाचला, पण कमांड तर बरोबरच होती. ती फोल्डर बदलत होती, पण स्वतःच्या नव्या प्रोसेसचा. ती प्रोसेस लगेच संपायची आणि शेल होतं तिथेच राहायचं. शेवटी ही कमांड शेलच्या आतच बसवावी लागली. आजची 'सीडी' कमांड म्हणूनच शेलच्या आत असते.

दुसरा घोळ आउटपुटचा. एका फाइलमध्ये दोन कमांड लिहून त्यांचं आउटपुट एकाच फाइलमध्ये पाठवलं, तर दुसरीचं आउटपुट पहिलीवर लिहिलं जायचं. 'कुठपर्यंत लिहून झालं' ही खूण प्रत्येक प्रोसेसकडे वेगळी होती म्हणून. ती खूण प्रोसेसबाहेरच्या वेगळ्या तक्त्यात ठेवल्यावर प्रश्न सुटला.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. सोलापूर जिल्ह्याचे ११ तालुके, प्रत्येकाच्या पावसाच्या आकड्यांचा एक फोल्डर. अक्कलकोट नीट चालतं. पुढचा 'उत्तर सोलापूर'. नावात मोकळी जागा आहे आणि स्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्हं नाहीत, म्हणून शेल त्याचे दोन शब्द करतं आणि 'सीडी' फसते. पण स्क्रिप्ट थांबत नाही. प्रोग्राम बाहेरच्याच फोल्डरमध्ये चालतो, मग 'बाहेर या' म्हटल्यावर आपण आणखी एक पायरी वर जातो. तिथून करमाळा सापडत नाही, मग पुढचं काहीच नाही. ११ पैकी एकच तालुका बरोबर! वरच्या फोल्डरमध्ये एखादी जुनी चाचणीची फाइल पडली असेल, तर आकडेही निघतात, फक्त चुकीचे. तेच आकडे प्रबंधाच्या तक्त्यात गेले तर नंतर पकडणं फार अवघड.

मग काय करायचं?

१. फोल्डरचं नाव कायम दुहेरी अवतरणात ठेवा.

२. 'सीडी' आणि प्रोग्राम यांच्यामध्ये && लिहा. 'सीडी' फसली तर प्रोग्राम चालणारच नाही.

३. ही जोडी गोल कंसात टाका. कंसातलं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये होतं आणि ती संपली की आपण मूळ जागीच असतो. 'बाहेर या' ही ओळ लागतच नाही. म्हणजे थॉम्पसन-रिचींना ज्या गोष्टीनं छळलं, तीच इथे आपल्या कामी येते.

४. लूपच्या आत एकाच फाइलमध्ये > ने लिहिलं तर दर फेरीला आधीचं पुसलं जातं. प्रत्येक फोल्डरची नोंद त्याच फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर >> वापरा.

५. खरा प्रोग्राम लावण्याआधी त्या जागी 'पीडब्ल्यूडी' लिहून एकदा चालवून बघा. ११ फोल्डर, तर ११ वेगवेगळे पत्ते दिसले पाहिजेत.

स्क्रिप्ट अडली की आधी प्रोग्रामवर संशय घेऊ नका. पहिला प्रश्न हाच विचारा: ही ओळ कोणत्या प्रोसेसमध्ये चालतेय आणि ती प्रोसेस आत्ता कोणत्या फोल्डरमध्ये उभी आहे?